धर्म घडवायला निघाले, सेवक होऊन राहिले : रेव्हरंड नारायण वामन टिळक



टिळक म्हटले की आपल्या रत्नागिरीकरांच्या डोळ्यांसमोर लोकमान्य उभे राहतात. टिळक आळीतले त्यांचे घर पाहिले नाही असा माणूस आपल्या धर्मग्रामात क्वचितच सापडेल. पण याच जिल्ह्याने महाराष्ट्राला आणखी एक टिळक दिले. लोकमान्यांचा जन्म १८५६ सालचा, रत्नागिरी शहरातला. या दुसऱ्या टिळकांचा जन्म त्यानंतर पाच वर्षांनी, ६ डिसेंबर १८६१ रोजी, दापोली तालुक्यातल्या करजगावात झाला. त्यांचे नाव नारायण वामन टिळक. मराठी कवितेच्या इतिहासात ते फुलामुलांचे कवी म्हणून ओळखले जातात आणि ख्रिस्ती समाजात रेव्हरंड टिळक म्हणून.

मुरूडचे महर्षी कर्वे, पालगडचे साने गुरुजी यांची नावे आपण अभिमानाने घेतो. त्यांच्याच तालुक्यातल्या या सुपुत्राची ओळख मात्र आपल्यातल्या अनेकांना पुरेशी नाही. ते आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेतले नव्हते, अमेरिकन मराठी मिशनचे पाळक होते, हेही त्याचे एक कारण असेल. परंतु प्रभू येशूला मराठी मनाच्या अंगणात आणून बसवण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत त्यांचे स्थान फार वरचे आहे. त्यांचे जीवन सरळ रेषेत गेले नाही. त्यात धडपड आहे, चुका आहेत, घरच्यांचे अश्रू आहेत. म्हणूनच ते आपल्यासारख्या संसारी माणसांनी वाचण्यासारखे आहे.

पोरके बालपण

नारायणाचे वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. स्वभाव अतिशय तापट. आई जानकीबाई मात्र मृदू, भाविक आणि कवितेची आवड असलेली. लहानपणीचा काही काळ नारायण आजोळी वाढला. तिथे आजोबांच्या तोंडून संतांचे अभंग आणि ओव्या कानावर पडत. ते संस्कार पुढे जन्मभर टिकले. धर्म बदलला, पण कानात बसलेली ती चाल बदलली नाही.

पुढे कुटुंब कल्याणला आले आणि तिथे त्यांची शाळा सुरू झाली. आई गेली तेव्हा नारायण अकरा-बारा वर्षांचा होता. आईच्या मागे घरात त्याचे मन रमेना. वडिलांच्या रागाचा जाच होताच. एक दिवस तो घर सोडून निघाला आणि नाशिकला पोहोचला. ना पैसा, ना ओळखपाळख. अशा मुलाला गणेशशास्त्री लेले यांनी जवळ केले आणि संस्कृत शिकवले. इंग्रजी शाळेतही तो काही काळ गेला, पण ते शिक्षण पुरे झाले नाही. पुढे टिळकांची विद्वत्ता पाहून लोक थक्क होत, तेव्हा या माणसाकडे शाळेचे मोठे प्रमाणपत्र नाही हे त्यांना खरे वाटत नसे.

१८८० साली त्यांचे लग्न झाले. मुलगी नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची, नाव मनकर्णिका, वय अकरा-बारा वर्षे. सासरी तिचे नाव लक्ष्मी झाले. हीच पुढची लक्ष्मीबाई टिळक. तिच्या माहेरी सोवळ्या-ओवळ्याचे फार प्रस्थ होते. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेतल्याशिवाय घरात येत नसे. त्या घरातल्या मुलीला पुढे काय काय सोसावे आणि बदलावे लागणार होते, याची त्या दिवशी कोणाला कल्पना असणार?

पाय न टिकणारा माणूस

लग्नानंतरची पहिली काही वर्षे टिळकांचा पाय एका जागी ठरला नाही. शिक्षकाची नोकरी केली, पुराण-कीर्तन केले, व्याख्याने दिली, कविता लिहिल्या. आज इथे तर उद्या तिथे. घरात न सांगता निघून जायचे आणि महिन्यांनी परत यायचे. हातात पैसे आले की समोरच्या गरजवंताला देऊन मोकळे व्हायचे, आणि घरी चूल पेटायची की नाही ही काळजी लक्ष्मीबाईंनी करायची. मोठ्या मनाच्या माणसाबरोबर संसार करणे किती कठीण असते, हे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात हसत हसत लिहून ठेवले आहे. त्या हसण्यामागे किती उपास असतील ते ज्याचे त्याने समजावे.

नागपूरला आप्पासाहेब बुटी या श्रीमंत गृहस्थांनी टिळकांना आश्रय दिला. तिथे संस्कृत ग्रंथांचे काम त्यांच्याकडे होते. ‘ऋषी’ नावाचे धर्मविषयक मासिकही त्यांनी चालवले. या काळात त्यांच्या मनात एका प्रश्नाने घर केले. आपला देश असा का झाला? माणसाने माणसाला शिवू नये, एकाने दुसऱ्याच्या हातचे पाणी पिऊ नये, विधवेने जिवंतपणी मरण भोगावे, हे सारे धर्माच्या नावाने कसे चालते? टिळक जन्माने ब्राह्मण होते आणि देशावर त्यांचे निस्सीम प्रेम होते. देश सुधारायचा तर धर्म सुधारला पाहिजे, असे त्यांना वाटू लागले.

आणि मग त्यांनी एक धाडसी विचार केला. आपणच एक नवा धर्म सांगावा! त्याची तत्त्वे त्यांनी स्वतः ठरवली. परमेश्वर हा सर्वांचा पिता आहे. सर्व माणसे त्याची लेकरे, म्हणून एकमेकांची भावंडे आहेत. देवावर विश्वास आणि माणसांवर प्रेम हाच धर्माचा गाभा आहे. अशी ती कलमे होती. जणू नव्या राष्ट्रासाठी नवा कायदाच त्यांनी लिहायला घेतला होता.

तत्त्वे चांगली होती. पण कायदा लिहिणे आणि त्याप्रमाणे जगण्याची शक्ती मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्यापैकी प्रत्येकाला दहा आज्ञा पाठ असतात. त्या पाळण्याचे बळ कुठून येते, हा खरा प्रश्न असतो. टिळकांकडे कलमे होती. ती ज्याच्या जीवनात उतरलेली दिसावीत असा कोणी त्यांना भेटला नव्हता.

आगगाडीतला सहप्रवासी

१८९३ साली टिळक राजनांदगावला निघाले होते. तिथल्या संस्थानात नोकरीची आशा होती. आगगाडीच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. त्या काळी साहेब लोक देशी माणसांशी फारसे बोलत नसत. या गृहस्थांनी मात्र आपुलकीने जागा करून दिली, गप्पा सुरू केल्या. बोलणे काव्यावरून धर्मावर आले. उतरताना त्यांनी टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली, ती वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती झालेले असाल असे भाकीतही केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. त्या गृहस्थांचे नाव टिळकांना कधीच कळले नाही. पुन्हा कधी भेटही झाली नाही.

दिलेला शब्द पाळायचा म्हणून टिळकांनी वाचायला सुरुवात केली. सुरुवातीला मन लागेना. वाचता वाचता ते मत्तयच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथेच थांबले. स्वर्गातील पित्याविषयी, शत्रूवरही प्रेम करण्याविषयी, गुप्त दानाविषयी, अंतःकरणाच्या शुद्धतेविषयी प्रभू येशूने जे सांगितले, ते वाचून त्यांना ते पुस्तक खाली ठेववेना. ज्या कलमांसाठी त्यांनी इतकी डोकेफोड केली होती, ती इथे होतीच. शिवाय इथे ती कलमे जगून दाखवणारा आणि त्यांच्यासाठी प्राण देणारा एकजण होता. आपण धर्म घडवणारे कोण, असा विचार त्यांच्या मनात आला असेल तर नवल नाही. त्यांना गुरू भेटला होता.

ओझरत्या भेटीतल्या एका अनोळखी माणसाची माणुसकी आणि एक लहानसे पुस्तक, एवढ्यावर एका मोठ्या आयुष्याची दिशा फिरली. बस-आगगाडीत शेजारी बसलेल्या माणसाशी आपण कसे वागतो, याकडे आपण कधी इतक्या गांभीर्याने पाहतो का?

बाप्तिस्मा आणि ताटातूट

पुढची दोन वर्षे टिळकांच्या मनात मोठे युद्ध चालले. येशूवर श्रद्धा बसली होती, पण ते उघड म्हणायचे तर जात जाणार, नातीगोती तुटणार, नोकरी जाणार. त्याहून मोठे दुःख म्हणजे पत्नी आणि लहान मुलगा दत्तू यांचे काय होणार? अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आगगाडीतल्या गृहस्थांनी सांगितलेली दोन वर्षांची मुदत खरी ठरली.

ही बातमी लक्ष्मीबाईंना कळली तेव्हा त्यांच्यावर आकाश कोसळले. नवरा जिवंत असून त्या नवऱ्याविना झाल्या. नातलगांनी त्यांना सांभाळले, पण त्या काळच्या समाजात अशा बाईची अवस्था काय असेल याची कल्पना आपण करू शकतो. बहिणीच्या आधाराने, मुलाला पोटाशी धरून, त्या पंढरपूरलाही राहिल्या. साडेचार-पाच वर्षे ही ताटातूट चालली.

इथे आपण क्षणभर थांबले पाहिजे. संतांची किंवा थोर माणसांची चरित्रे सांगताना आपण घरच्यांचे दुःख चटकन ओलांडून पुढे जातो. टिळकांनी आपल्या विवेकाचा आवाज ऐकला हे खरे, पण त्याची किंमत त्यांच्याइतकीच, कदाचित त्यांच्याहून जास्त, लक्ष्मीबाईंनी मोजली. टिळकांनाही याची जाणीव होती. त्यांनी दुसरा संसार केला नाही, पत्नीवर धर्माची जबरदस्ती केली नाही. पत्रे लिहीत राहिले, वाट पाहत राहिले.

अखेर लक्ष्मीबाई अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) पतीकडे आल्या. येताना त्या ख्रिस्ती होऊन आल्या नव्हत्या. सोवळे सांभाळून, आपला स्वयंपाक वेगळा ठेवून त्या राहत. टिळकांनी ते आनंदाने मान्य केले. एकाच कुटुंबात दोन धर्म, दोन चुली, आणि तरीही प्रेम. हळूहळू लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाशी विचार केला. देवाने माणसे निर्माण केली. जाती माणसांनी केल्या, हे त्यांना पटले. ज्या दिवशी ते पटले त्या दिवशी त्यांनी सोवळे सोडले. सुटला तो फक्त आचार नव्हता, लहानपणापासून मनात रुजलेली भीतीही सुटली. १९०० साली राहुरी येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो कोणाच्या दबावाने घेतलेला नव्हता. जबरदस्तीने धर्मांतर या विषयावर आज जेव्हा जेव्हा वाद होतो, तेव्हा या नवरा-बायकोची ही पाच वर्षे आठवावीत. श्रद्धा हा माणसाचा स्वतःचा निर्णय असतो आणि प्रेमाला वाट पाहता येते.

पाळक, शिक्षक, कवी

अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचे डॉ. रॉबर्ट ह्यूम यांच्या सहवासात टिळक आले. दोघांची मैत्री शेवटपर्यंत टिकली. तिथल्या ईश्वरविज्ञान विद्यालयात टिळक शिकवू लागले. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड टिळक झाले.

त्या वर्षांत महाराष्ट्रावर दुष्काळ आणि प्लेग यांचे संकट ओढवले होते. टिळकांनी अनाथ मुले घरी आणली. आधीच तुटपुंज्या पगारात ओढाताण, त्यात ही लेकरे. लक्ष्मीबाईंनी ती आपली मानली. त्यांच्या घराचे दार सर्वांना उघडे होते. निसर्गकवी बालकवी ठोमरे हे तरुणपणी त्यांच्या घरी मुलासारखे राहिले. बालकवी हिंदू, टिळक ख्रिस्ती. पण त्या घरात कवितेला आणि मायेला धर्माची अट नव्हती. १९१८ साली रेल्वेच्या अपघातात बालकवी गेले, तेव्हा टिळक दांपत्याला घरचाच मुलगा गमावल्याचे दुःख झाले.

टिळकांची कविता साधी, प्रेमळ आहे. रानातले फूल, लहान मूल, बायको, गरीब माणूस हे त्यांचे विषय. शिकाऱ्याच्या हातून घायाळ झालेल्या पक्षिणीवरची त्यांची कविता महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी शाळेत पाठ केली. केशवसुतांच्या काळात मराठी कविता नवे वळण घेत होती, त्या वळणावर टिळकांचेही नाव कोरलेले आहे. १९१२ पासून अखेरपर्यंत त्यांनी ‘ज्ञानोदय’ या पत्राच्या मराठी विभागाचे संपादन केले. हे पत्र १८४२ साली सुरू झालेले, मराठीतल्या अगदी जुन्या नियतकालिकांपैकी एक.

ख्रिस्त मराठी बोलू लागला

टिळकांचे सर्वांत मोठे कार्य भजनांचे. ते ख्रिस्ती झाले तेव्हा मराठी मंडळ्यांतली बरीचशी गीते परदेशी चालींवर बसवलेली होती. शब्द मराठी, पण सूर परका. शेतात राबणाऱ्या, वारीची आणि भजनाची सवय असलेल्या माणसांच्या ओठांवर ते बसत नसे. टिळकांनी ज्ञानेश्वर-तुकारामांची वाट धरली. अभंग आणि ओवी यांच्यातून त्यांनी प्रभू येशूला आळवले. येशूला त्यांनी आई म्हटले, गुरू म्हटले, सखा म्हटले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो अशी त्यांची भावना होती. ‘अभंगांजली’ या नावाने त्यांचे अभंग प्रसिद्ध आहेत. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात त्यांची गीते मोठ्या संख्येने आहेत आणि आजही ती महाराष्ट्रभर टाळ-मृदंगाच्या साथीने गायली जातात. कीर्तनाचा उपयोग त्यांनी शुभवर्तमान सांगण्यासाठी केला, आणि पुढे लक्ष्मीबाईही कीर्तने करू लागल्या.

आपल्या कॅथलिक परंपरेत याची आठवण करून देणारे एक थोर नाव आहे, फादर थॉमस स्टीफन्स. १५७९ साली गोव्यात आलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूंनी मराठी ओव्यांत ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली छापले गेले. स्टीफन्स १६१९ मध्ये वारले, आणि बरोबर तीनशे वर्षांनी, १९१९ मध्ये, टिळक वारले. योगायोग असा की टिळकांनीही येशूचे चरित्र ओवीबद्ध करायला घेतले होते. त्याचे नाव ‘ख्रिस्तायन’. दहा-अकरा अध्याय लिहून झाले आणि ते गेले. उरलेले जवळजवळ सर्व अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले, शेवटचा अध्याय मुलगा देवदत्त याने पुरा केला. ज्या स्त्रीला लग्नाच्या वेळी लिहिता-वाचता येत नव्हते, तिने नवऱ्याचे अपुरे महाकाव्य तडीस नेले! एका घरातल्या तिघांच्या हातांनी लिहिलेले असे ख्रिस्तचरित्र दुसरे कोणते असेल?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत लोकभाषेला वाट मोकळी करून दिली. त्यामुळे आज आपण मिस्सा मराठीत ऐकतो, आपल्या चालींवर गातो. हे आपल्याला आता इतके सवयीचे झाले आहे की त्यात काही विशेष वाटत नाही. त्याच्या अर्धशतक आधी टिळक हेच सांगत होते: ख्रिस्त परका नाही, परके आहेत ते त्याच्या अंगावर चढवलेले कपडे.

पगार सोडला, पद सोडले

टिळक मनाने कडवे देशभक्त होते. ख्रिस्ती झाल्याने आपण देशाला दुरावलो, हा आरोप त्यांना फार झोंबत असे. परदेशी मिशनऱ्यांचे उपकार ते मानत, पण भारतीय मंडळीचा कारभार भारतीयांनीच चालवावा, कायम दुसऱ्याच्या पैशावर आणि हुकमावर जगू नये, हे ते परखडपणे सांगत. मिशनऱ्यांनी मालक न होता भाऊ व्हावे, अशी त्यांची मागणी होती.

नुसते बोलून ते थांबले नाहीत. १९१७ साली त्यांनी मिशनच्या पगाराच्या कामाचा राजीनामा दिला. वय पंचावन्न, हाताशी शिल्लक नाही, संसार मोठा. लोकांना वाटले, या वयात हा वेडेपणा. टिळकांनी साताऱ्याला जाऊन ‘देवाचा दरबार’ नावाचा आश्रम काढला. तिथे ख्रिस्ताचे अनुयायी म्हणवणाऱ्या सर्वांना जागा होती, बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही. समाजाच्या भीतीने बाप्तिस्मा न घेऊ शकणाऱ्या कितीतरी माणसांच्या मनात येशूविषयी भक्ती आहे हे त्यांना ठाऊक होते. अशांना दाराबाहेर उभे करायला त्यांचे मन तयार नव्हते.

बाप्तिस्मा हे ख्रिस्तसभेत प्रवेशाचे द्वार आहे अशी आपली श्रद्धा आहे, त्यामुळे त्यांची ही मांडणी आपल्याला पूर्णपणे मान्य होणार नाही. त्यांच्या स्वतःच्या मिशनमध्येही यावर सर्वांचे एकमत नव्हते. पण त्यामागची तळमळ आपण ओळखू शकतो. ज्याने स्वतः आयुष्यात सर्वस्व देऊन बाप्तिस्मा घेतला, त्याला त्या पाण्याची किंमत कळत नव्हती असे कोण म्हणेल?

तरुणपणी नव्या धर्माची कलमे लिहिणारा हा माणूस उतारवयात पुन्हा नवी संस्था काढत होता. पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक होता. तेव्हा तो गुरू व्हायला निघाला होता, आता तो दरबारातला चाकर होता. दरबार देवाचा, सिंहासन येशूचे, आपण पायरीशी.

देवाचा दरबार फार काळ भरला नाही. टिळकांची प्रकृती ढासळली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे सत्तावन्न. त्यांच्यानंतर आश्रम टिकला नाही. भजने मात्र टिकली. लक्ष्मीबाई आणखी सतरा वर्षे जगल्या. १९३४ ते १९३६ या काळात त्यांची ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध झाली आणि मराठीतल्या सर्वोत्तम आत्मचरित्रांत त्यांची गणना झाली. १९३६ साली त्याही प्रभूकडे गेल्या.

आपल्यासाठी काय?

या जीवनाकडे पाहताना तीन गोष्टी आपण घरी घेऊन जाऊ या.

पहिली गोष्ट, भाषेची. आपल्या रत्नागिरीत आपण संख्येने थोडे आहोत. ख्रिस्ती म्हणजे बाहेरचे, असा समज आजही कधी कधी कानावर येतो. त्यावर भांडण हे उत्तर नाही. आपल्या मुलांनी चांगली मराठी शिकावी, तुकोबांचे अभंग वाचावेत, भजनी मंडळात टाळ धरावा, शेजाऱ्याच्या सुखदुःखात सामील व्हावे. करजगावच्या या माणसाने दाखवून दिले की पक्का कोकणी आणि पक्का ख्रिस्ती हे एकाच देहात सुखाने नांदू शकतात.

दुसरी गोष्ट, घराची. आपल्या धर्मग्रामात आंतरधर्मीय विवाह झालेली कुटुंबे आहेत. एकाची श्रद्धा एक, दुसऱ्याची दुसरी. अशा घरांना आपण कधी नावे ठेवतो, कधी टाळतो. टिळकांच्या घरात काही काळ दोन चुली होत्या आणि तरीही मायेत कमतरता नव्हती. अशा कुटुंबांना आपण धीर द्यावा, घाई करू नये.

तिसरी गोष्ट, सेवेची. धर्मग्रामाच्या समितीत, संघटनांत, सणाच्या तयारीत नियम सांगणारे पुष्कळ असतात. कोणी कुठे बसावे, कोणी काय करावे, कोणाचे काय चुकले, हे आपल्याला चटकन सुचते. खुर्च्या मांडायला आणि नंतर उचलायला किती जण राहतात ते आपण सगळे जाणतो. टिळकांनी कलमे लिहिण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी पगार, पद, मान सारे बाजूला ठेवून पाय धुणाऱ्या प्रभूपाशी येऊन बसले. तिथे पोहोचायला त्यांना पन्नासहून अधिक वर्षे लागली. आपल्यालाही वेळ लागेल, पण वाट तीच आहे.

१९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर ख्रिस्ती मंडळ्यांतील बांधवांकडे आदराने पाहण्यास, त्यांच्यात पवित्र आत्म्याने केलेले कार्य ओळखण्यास आपल्याला शिकवले. त्या शिकवणुकीला धरून आपण आपल्या जिल्ह्याच्या या पुत्राबद्दल देवाचे आभार मानू या. दापोलीकडे जाणे झाले तर करजगावची आठवण ठेवा. घरी ‘स्मृतिचित्रे’ असेल तर या पावसाळ्यात संध्याकाळच्या जपमाळेनंतर रोज दोन पाने मोठ्याने वाचा. मुले हसतील, मोठ्यांचे डोळे भरून येतील.

कुटुंबात चर्चेसाठी

१. आपल्या श्रद्धेसाठी आपण आजवर काय सोडले आहे? आपल्यामुळे घरातल्या दुसऱ्या कोणाला त्याची किंमत मोजावी लागली का?

२. शेजारच्या हिंदू-मुस्लिम कुटुंबांना आपल्या वागण्यातून येशूची ओळख होते का?

३. या महिन्यात धर्मग्रामाचे कोणते एक काम आपण मान-पानाची अपेक्षा न ठेवता करू शकतो?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आमच्या मातीतल्या माणसाला आगगाडीच्या डब्यात गाठलेस आणि त्याच्या ओठांवर आमच्याच भाषेत तुझी गाणी ठेवलीस. आम्हांला नियम सांगण्याआधी सेवा करायला शिकव. आमच्या घरांत जिथे मतभेद आहेत तिथे वाट पाहण्याचे धैर्य दे. तुझ्या नावाने वेगवेगळ्या मंडळ्यांत विभागलेल्या आम्हां सर्वांना एक दिवस तुझ्या दरबारात एकत्र बसव. आमेन.